युद्ध की गुन्हा? बेलफास्ट, डेट्रॉइट आणि एका फॉरवर्डचं गणित

(या भागाचा लिखित मजकूर. वाचायला सोपं जावं म्हणून बोलण्यातली काही वाक्यं थोडी नीट केली आहेत.)

आजचा विषय जरा गंभीर आहे आणि त्यात गणित आहे. पण घाबरू नका. अपूर्णांक येत असतील, अंश कुठला आणि छेद कुठला एवढं आठवत असेल, तरी पुरे.

आजच्या गोष्टीत इराक आहे, बेलफास्ट आहे, डेट्रॉइट आहे, शिकागो आहे, आणि मधेच आपलं राजगुरुनगरही येणार आहे. कसं, ते बघू.

सुरुवात एका फॉरवर्डपासून. व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं तेव्हाही फॉरवर्ड होते बरं का, फक्त ते ईमेलने यायचे. २००५-०६ च्या सुमाराला अमेरिकेत एक ईमेल प्रचंड फिरला. त्यात लिहिलेलं असं: इराकमध्ये आपले सरासरी १ लाख ६० हजार सैनिक आहेत. २२ महिन्यांत २,११२ मेले. म्हणजे दर लाखामागे ६०. आणि आपली राजधानी वॉशिंग्टन? तिथे बंदुकीने मरणाऱ्यांचं प्रमाण दर लाखामागे ८०.६. म्हणजे राजधानीत गोळी लागून मरण्याची शक्यता इराकपेक्षा जास्त! आणि शेवटी पंचलाइन: तेव्हा अमेरिकेने आधी वॉशिंग्टनमधून सैन्य मागे घ्यावं.

वाचून हसू येतं, आणि पटतंही. आकडे आहेत, दशांश चिन्हसुद्धा आहे! ८०.६ म्हटलं की कुणीतरी नीट मोजलं असणार असं वाटतंच.

आता मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा. २,११२ भागिले १ लाख ६० हजार. दर लाखामागे किती आले? १,३२०. साठ नाही! मग साठ आले कुठून? १,३२० ला २२ ने भागा. आले ६०. म्हणजे हा *महिन्याचा* दर आहे. आणि वॉशिंग्टनचा आकडा *वर्षाचा*. एका बाजूला महिन्याचा पगार, दुसऱ्या बाजूला वर्षाचा पगार, आणि विचारायचं कोण जास्त कमावतो. सैनिकांचा दर वर्षावर नेला तर होतात ७२०. राजधानीच्या नऊपट.

अजून एक गंमत आहे, गंमत कसली, लबाडीच. तो ८०.६ आकडा १९९१ सालच्या वॉशिंग्टनच्या खुनांच्या दराशी तंतोतंत जुळतो. तेव्हा क्रॅक कोकेनचा कहर होता आणि सहा लाखांच्या त्या शहरात वर्षभरात ४८२ खून झाले होते. २००५ साली तिथले खून दोनशेच्या आत आले होते. म्हणजे शहराचं सगळ्यात वाईट वर्ष उचललं, सैन्याचा महिना उचलला, आणि दोन्ही एका तराजूत टाकले.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, फॉरवर्डच तो. पण हे टीव्हीवरही झालं. ऑगस्ट २००३ मध्ये फॉक्स न्यूजवर ब्रिट ह्यूम या ज्येष्ठ अँकरने जवळपास असाच हिशोब मांडला. इराकमध्ये १६० दिवसांत २७७ अमेरिकन सैनिक गेले, म्हणजे दिवसाला १.७. कॅलिफोर्नियात वर्षाला २,३०० हून जास्त खून होतात, म्हणजे दिवसाला ६.६. आणि कॅलिफोर्निया आकाराने साधारण इराकएवढंच आहे. सबब सैनिकाला इराकमध्ये मरण्याची भीती कॅलिफोर्नियातल्या नागरिकापेक्षा कमी.

इथे चूक वेगळी आहे. इथे छेदच गायब आहे! नकाशावर क्षेत्रफळ सारखं आहे म्हणून काय झालं? कॅलिफोर्नियात साडेतीन कोटी माणसं राहत होती. इराकमध्ये अमेरिकन सैनिक होते दीड लाखाच्या आसपास. नीट भागाकार केला तर कॅलिफोर्नियात वर्षाला दर लाखामागे साडेसहा खून, आणि सैनिकांचे मृत्यू दर लाखामागे चारशेच्या वर. साठपटीहून जास्त फरक. सैनिकांच्या आकड्यात अपघात आणि आजारही धरले होते, म्हणून हवं तर निम्मे वजा करा. तरी तीसपट.

पण माझ्या मते याहून मोठी चूक वेगळीच होती, आणि ती फारशा लोकांनी दाखवली नाही. या दोन्ही हिशोबांत इराकी माणूस कुठे आहे? देश त्याचा, रस्ता त्याचा, घर त्याचं, आणि तो अंशातही नाही, छेदातही नाही. इराक बॉडी काउंट नावाचा एक गट बातम्या आणि रुग्णालयांच्या नोंदींवरून नागरिकांचे मृत्यू मोजतो. त्यांच्या मोजणीत एकट्या २००६ सालात २९ हजारांच्या आसपास नागरिक मारले गेले. आणि हे फक्त नोंद सापडलेले! इराकची लोकसंख्या पावणेतीन कोटींच्या घरात धरली तर दर लाखामागे शंभराच्या वर. त्यात बायका आल्या, म्हातारे आले, दुकानदार आले.

मग अशी तुलना करूच नये का? करावी की. या तुलनेचा इतिहास चांगला दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि तो आपल्याला शाळेत "दिवा घेतलेली बाई" म्हणून शिकवतात तिच्यापाशी जातो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल! तिने जखमींची सेवा केली हे सगळ्यांना माहीत असतं. ती जबरदस्त संख्याशास्त्रज्ञ होती हे कमी जणांना माहीत असतं. क्रिमियाच्या युद्धात गोळ्यांपेक्षा रोगांनी जास्त सैनिक मारले हे तिने आकड्यांनी दाखवलं. पण परत आल्यावर तिने एक अजून धारदार प्रश्न विचारला: युद्ध नसताना, आपल्याच देशात, इंग्लंडच्या बराकीत राहणारा सैनिक किती मरतो?

उत्तर भयंकर होतं. त्याच वयाच्या साध्या नागरिकांत हजारी ११ मृत्यू, आणि बराकीतल्या सैनिकांत १७ ते २०. तेही निवडून घेतलेले धडधाकट तरुण! कारण काय? कोंदट बराकी, सांडपाणी, हवा नाही, दाटीवाटी. तिने सरळ सुनावलं की हे म्हणजे दरवर्षी ११०० जवानांना सॉल्झबरीच्या माळावर नेऊन गोळ्या घालण्यासारखं आहे, तितकाच मोठा गुन्हा आहे. १८५० च्या दशकात एक बाई ब्रिटिश लष्कराला हे ऐकवते आहे, विचार करा.

तिने काय केलं बघा. वय सारखं घेतलं. काळ सारखा घेतला. पुरुषांची तुलना पुरुषांशी केली. आणि तुलना केली ती निष्काळजीपणा दाखवायला. "आमच्याकडे तर याहून वाईट आहे, सोडा" म्हणायला नाही.

आता येऊ मुख्य गोष्टीकडे. माझी सगळ्यात आवडती, म्हणजे आवडती हा शब्द इथे बरोबर नाही, पण सगळ्यात विचार करायला लावणारी जोडी: उत्तर आयर्लंड आणि डेट्रॉइट.

का? तर १९७० च्या सुमाराला दोन्हींची लोकसंख्या जवळपास सारखी होती. डेट्रॉइट शहर १५ लाख ११ हजार. अख्खा उत्तर आयर्लंड १५ लाख ३६ हजार. इतिहास इतकी सोयीची जोडी फार कमी वेळा देतो.

उत्तर आयर्लंडचं सगळ्यात रक्तबंबाळ वर्ष म्हणजे १९७२. ३० जानेवारीला डेरी शहरात ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटने मोर्चावर गोळ्या झाडल्या. १३ जण त्याच दिवशी गेले, एक नंतर. ब्लडी संडे तो हाच. २१ जुलैला आयआरएने बेलफास्टमध्ये सव्वा-दीड तासाच्या आत वीसेक बॉम्ब फोडले. नऊ जण ठार, १३० जखमी. तो ब्लडी फ्रायडे. वर्षभरात दहा हजारांच्या वर गोळीबाराच्या घटना, तेराशेहून जास्त स्फोट. रस्त्यावर चिलखती गाड्या. बेलफास्टचं युरोपा हॉटेल, जिथे जगभरचे पत्रकार उतरायचे, त्याच्यावरच पुढे वर्षानुवर्षं मिळून तीसहून जास्त वेळा बॉम्बहल्ले झाले. पत्रकारांना बातमी शोधायला लांब जावं लागत नव्हतं!

१९७२ च्या वर्षात एकूण मृत्यू सुमारे ४८०.

आणि डेट्रॉइट? १९७४ साली डेट्रॉइटमध्ये ७१४ खून झाले. कुठलंही युद्ध नाही. बॉम्ब नाही. तोवर लोक शहर सोडून जायला लागले होते, म्हणजे लोकसंख्या १४ लाखांच्या आसपास आली होती. दर लाखामागे पन्नासच्या आसपास. उत्तर आयर्लंडचा १९७२ चा दर येतो ३१.

उत्तर आयर्लंडच्या तीस वर्षांच्या संघर्षात साडेतीन हजारांहून जास्त माणसं गेली. डेट्रॉइटने तेवढा आकडा सत्तरच्या दशकात सहा-सात वर्षांत गाठला.

बेलफास्टवर चित्रपट निघाले, गाणी निघाली, शांतता करार झाला, नोबेल मिळालं. डेट्रॉइटला काय मिळालं? एक टोपणनाव. मोटारींचं शहर म्हणून "मोटर सिटी" म्हणायचे, त्याचं "मर्डर सिटी" झालं. बस.

इथे थोडं थांबू, कारण इथेच लोक घाईने निष्कर्ष काढतात की "बघा, बेलफास्ट काहीच नव्हतं." तसं नाही.

एक तर, छेद बदलून बघा. १९७२ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये शंभरहून जास्त ब्रिटिश सैनिक मारले गेले, आणि तिथे तैनात होते वीसेक हजार. दर लाखावर नेलं तर पाचशेच्या घरात. म्हणजे तिथल्या शेतकऱ्यासाठी, शिक्षकासाठी ते डेट्रॉइटपेक्षा कमी धोक्याचं होतं, आणि पायी गस्त घालणाऱ्या एकोणीस वर्षांच्या सैनिकासाठी दहापट जास्त. तोच प्रदेश, तेच वर्ष! उत्तर आयर्लंडच्या आतसुद्धा सगळं सारखं नव्हतं. पश्चिम आणि उत्तर बेलफास्टच्या काही गल्ल्या एकीकडे, आणि समुद्रकाठची शांत गावं दुसरीकडे.

दुसरं म्हणजे मृत्यूच्या आकड्यात स्फोट दिसत नाही. बॉम्बची फोनवरून सूचना मिळाली, लोक पळाले, इमारत कोसळली, मेलं कुणीच नाही. आकडा शून्य. पण दुकान गेलं, रोजगार गेला, आणि आई रोज मुलाला बाजारात पाठवताना काय विचार करत असेल ते कुठल्या रकान्यात लिहायचं? डेट्रॉइटमधले बरेचसे खून ओळखीच्या माणसांत व्हायचे. घरात, बारमध्ये, हेरॉइनच्या धंद्यात. घरोघरी पिस्तूल. त्याची भीती वेगळी. बॉम्बची भीती वेगळी, कारण तो कुणालाच ओळखत नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे सरकार कसं वागलं. डेट्रॉइटमध्येसुद्धा १९६७ च्या दंगलीत सैन्य उतरलं होतं. तेव्हा ४३ माणसं मेली. पुढे १९७१ मध्ये पोलिसांनी साध्या वेशातलं एक पथक काढलं, स्ट्रेस नावाचं. नावच बघा! तीन वर्षांच्या आत या पथकाच्या हातून वीसेक नागरिक मारले गेले, बहुतेक सगळे कृष्णवर्णीय. शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर कोलमन यंग १९७४ मध्ये आले आणि त्यांनी ते पथक बंद केलं. म्हणजे "गुन्हेगारी"च्या शहरातही युद्धासारखं काही चाललेलं होतंच. फक्त त्याला युद्ध म्हणत नव्हते.

बरं, युद्ध म्हणायचं की गुन्हा, हे ठरवतं कोण? आणि त्याने फरक काय पडतो? खूप पडतो. यावरून माणसं मेली आहेत.

१९७२ मध्ये ब्रिटिश सरकारने उत्तर आयर्लंडच्या तुरुंगातल्या संघटनांच्या कैद्यांना एक खास दर्जा दिला. स्वतःचे कपडे, तुरुंगातलं काम नाही, जवळजवळ युद्धकैद्यासारखं. मग १९७६ मध्ये धोरण बदललं. १ मार्चनंतरच्या गुन्ह्यांसाठी हा दर्जा बंद. सरकारचं म्हणणं, तुम्ही सैनिक नाही, गुन्हेगार आहात, तेव्हा गणवेश घाला. कैद्यांनी गणवेश नाकारला आणि नुसती घोंगडी अंगावर गुंडाळून वर्षानुवर्षं बसले. गंमत म्हणजे तिथले पोलिस खऱ्या चोर-दरोडेखोरांना "साधे सभ्य गुन्हेगार" म्हणायचे. म्हणजे नाव काहीही द्या, फरक त्यांनाही कळत होता.

१ मार्च १९८१ ला बॉबी सँड्स उपोषणाला बसला. वय २६. उपोषण चालू असतानाच तो पोटनिवडणूक जिंकून ब्रिटिश संसदेचा सदस्य झाला. मार्गारेट थॅचर ठाम होत्या की गुन्हा तो गुन्हाच, त्यात राजकारण काही नाही. ६६ व्या दिवशी तो गेला. त्याच्यामागे आणखी नऊ जण गेले. दहा माणसं, एका शब्दावरून! आता हेही सांगितलं पाहिजे की आयआरएने ज्यांना मारलं त्यांच्या घरच्यांना "आमचा मुलगा युद्धात गेला" असं वाटत नव्हतं. त्यांच्यासाठी तो खूनच होता. टपाल टाकायला गेलेल्या, बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाने कुठलं युद्ध पुकारलं होतं? दोन्ही बाजूंचं ऐकलं की शब्द निवडणं अवघड होऊन बसतं, आणि ते अवघड वाटायलाच हवं.

हे सगळं ऐकताना तुम्हाला लाहोर आठवलं असेल. १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात जतीन दास यांनी राजकीय कैद्यांना नीट वागणूक मिळावी म्हणून ६३ दिवस उपोषण केलं आणि प्राण सोडला. त्याच खटल्यात भगतसिंग, सुखदेव आणि आपले खेडचे शिवराम हरी राजगुरू. हो, आजचं राजगुरुनगर, पुणे-नाशिक रस्त्यावरचं. तुमच्यातले कितीतरी जण तिथल्या ट्रॅफिकमध्ये अडकले असतील.

फाशीच्या आधी, मार्च १९३१ मध्ये या तिघांनी पंजाबच्या गव्हर्नरला एक पत्र लिहिलं. त्यात दयेची याचना नव्हती. युक्तिवाद होता, आणि काय तर्कशुद्ध! तुमच्याच न्यायालयाने निकालात म्हटलंय की आम्ही सम्राटाविरुद्ध युद्ध पुकारलं. ठीक. मग आम्ही युद्धकैदी झालो. आणि युद्धकैद्याला फाशी देत नाहीत. तेव्हा सैन्याची तुकडी पाठवा आणि आम्हाला गोळ्या घाला.

ब्रिटिशांची पंचाईत बघा. शिक्षा द्यायला "युद्ध" हा शब्द हवा होता, आणि शिक्षेची पद्धत मात्र गुन्हेगाराची हवी होती. २३ मार्चला तिघांना फाशीच दिली.

चला, परत आकड्यांकडे. आजच्या काळात या.

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. त्याचे मुख्य लेखक आधी पोलिस अधिकारी होते. यात त्यांनी नाइटिंगेलसारखं काम केलं: सैनिक तरुण असतो ना, पुरुष असतो ना, मग शहरातलेही १८ ते २९ वयाचे पुरुषच घ्यायचे. शिकागो, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस या चार शहरांचा २०२० आणि २०२१ चा गोळीबाराचा डेटा घेतला, पिनकोडवार. आणि समोर ठेवली अफगाणिस्तान आणि इराकमध्ये भरपूर लढाई पाहिलेल्या अमेरिकन ब्रिगेडची आकडेवारी.

निकाल असा की शिकागोच्या सगळ्यात हिंसक पिनकोडमध्ये, जिथे या वयाचे अडीच हजारांच्या आसपास तरुण राहतात, तिथे गोळी लागून मरण्याचा धोका अफगाणिस्तानातल्या त्या सैनिकापेक्षा तिपटीहून जास्त होता. फिलाडेल्फियाच्या तशा पिनकोडमध्ये जवळपास दुप्पट. आणि न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस? तिथे सगळ्यात वाईट पिनकोडमध्येसुद्धा सैनिकापेक्षा कमी. गोळी लागून मेलेल्या तरुणांत ९६ टक्के कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक.

म्हणजे तो जुना ईमेल खरा ठरला का? अजिबात नाही. ईमेल म्हणत होता शहर युद्धापेक्षा धोकादायक. हा अभ्यास म्हणतो की शहर नव्हे, शहरातले काही चौक, आणि तिथलेही काही वयाचे मुलगे. शिकागोच्या सधन भागात राहणाऱ्याला या युद्धाचा आवाजही येत नाही. पण बातम्यांचे मथळे मात्र "शिकागो अफगाणिस्तानपेक्षा भयंकर" असेच झाले. मथळ्यात पिनकोड मावत नाही.

अजून एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. सैनिक नऊ महिने, वर्षभर जातो आणि परत येतो. त्याच्याकडे चिलखत असतं, डॉक्टर असतो, हेलिकॉप्टर असतं, आल्यावर पेन्शन, निदान कागदावर तरी समुपदेशन. त्या चौकातल्या मुलाची "ड्यूटी" संपतच नाही. तो सतराव्या वर्षी तिथे होता, सत्ताविसाव्या वर्षीही तिथेच आहे. त्याला झोप लागत नाही, आवाज झाला की दचकतो, आणि त्याला कुणी युद्धाचा परिणाम म्हणत नाही. वाईट संगत म्हणतात.

डॉक्टरांना मात्र हे कधीच कळलं होतं. तुम्हाला माहिती आहे का, अमेरिकन नौदलाच्या डॉक्टर-परिचारिकांना युद्धावर पाठवण्याआधी प्रशिक्षणाला कुठे पाठवतात? २००२ पासून लॉस एंजेलिसच्या सरकारी काउंटी रुग्णालयात! वायुदलाचे जातात बाल्टिमोरला, लष्कराचे गेले मायामीला. कारण गोळीच्या जखमा रोज तिथेच येतात. युद्धाची तालीम घरी. आणि उलट दिशेनेही देवाणघेवाण झाली. हातापायातून रक्त वाहत असेल तर करकचून आवळायचा टूर्निके नावाचा पट्टा इराक-अफगाणिस्तानात इतका कामी आला की आज तिथल्या कित्येक शहरांतले पोलिस तो कमरेला लावून फिरतात. बेलफास्टच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयातही सत्तरच्या दशकात हेच झालं. फुटलेल्या कवटीला टायटॅनियमची पट्टी बसवण्याचं तंत्र तिथल्या लोकांनी विकसित केलं, कारण डोक्याच्या जखमा येतच राहिल्या.

आपल्याकडेही असे फॉरवर्ड येतात. कारगिलमध्ये ५२७ जवान गेले, आणि भारतात रस्त्यावर दिवसाला ४६० हून जास्त माणसं मरतात. २०२२ चा सरकारी आकडा १ लाख ६८ हजार ४९१. दोन्ही आकडे खरे आहेत. पण शेजारी ठेवून काय सिद्ध होतं? छेदात एकीकडे १४० कोटी, आणि दुसरीकडे द्रास-बटालिकच्या डोंगरावर चढलेले जवान. रस्त्यांवरचा आकडा लाजिरवाणा आहे, हे सांगायला कारगिलची गरज नाही. वाक्य "फक्त ५२७" असं व्हायला लागलं की समजायचं, काहीतरी गडबड आहे.

शेवटी एक देश, जिथे ही तुलना स्वतःशीच करावी लागते. एल साल्वाडोर. १९८० ते १९९२ गृहयुद्ध, सुमारे ७५ हजार मृत्यू. म्हणजे वर्षाला सहा हजारांच्या थोडं वर. युद्धातून पळालेली कुटुंबं लॉस एंजेलिसला गेली, तिथल्या गल्ल्यांत त्यांच्या पोरांनी टोळ्या केल्या, आणि युद्ध संपल्यावर अमेरिकेने त्यांना परत पाठवलं. २०१५ साली, पूर्ण शांततेच्या काळात, या देशात साडेसहा हजारांहून जास्त खून झाले. युद्धाच्या सरासरी वर्षापेक्षा जास्त! (लोकसंख्या वाढलेली होती, म्हणून *दर* युद्धापेक्षा थोडा कमीच भरतो. छेद विसरायचा नाही.)

मार्च २०२२ मध्ये तिथे एका दिवसात ६२ खून झाले. राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांनी आणीबाणी लावली आणि टोळ्यांविरुद्ध युद्धच पुकारलं, शब्दही तोच वापरला. ८० हजारांच्या वर लोकांना पकडलं. २०२३ मध्ये सरकारने वर्षाचे खून सांगितले १५४. लोक रात्री बाहेर फिरायला लागले, दुकानदारांची खंडणी थांबली, आणि बुकेले प्रचंड मतांनी पुन्हा निवडून आले. दुसरीकडे हजारो जणांना पुरावा नाही म्हणून सोडावं लागलं, आणि कोठडीत दोनशेहून जास्त माणसं मेल्याच्या नोंदी मानवाधिकार संघटनांनी केल्या आहेत. ती माणसं १५४ मध्ये नाहीत.

बेलफास्टमध्ये कैदी म्हणत होते आम्हाला सैनिक समजा, आणि सरकार म्हणत होतं तुम्ही गुन्हेगार. इथे सरकारच म्हणतंय हे युद्ध आहे, आणि तुरुंगाबाहेर फोटो घेऊन उभी असलेली आई म्हणतेय, अहो, निदान खटला तरी चालवा.

आणि हो, डेट्रॉइट. २०२३ मध्ये तिथे २५२ खून झाले, १९६६ नंतरचे सगळ्यात कमी. बेलफास्टचं युरोपा हॉटेल अजून चालू आहे.

पुढच्या भागात भेटू. तुमच्या ग्रुपवर अशा तुलनेचा एखादा फॉरवर्ड आला असेल तर पाठवा, छेद शोधून काढू.